चारोळीच्या बदल्यात मीठ

सुक्या मेव्याच्या दुकानात चिलगोजे सहसा बदामांच्या रांगेत नसतात. ते काउंटरच्या मागे, छोट्या बरणीत असतात, कारण किलोचा भाव हजारांत जातो. त्याच दुकानात खालच्या फळीवर चारोळी असते. बासुंदीवर भुरभुरायची, श्रीखंडात मिसळायची, साखरभातात दाताखाली यायची ती. गूगलवर ‘चारोळी’ टाकलं की आधी चार ओळींच्या कविता येतात, इतकं आपण तिला गृहीत धरलंय. चिलगोजा मात्र भेटीदाखल द्यायची वस्तू.

खरं तर दोन्ही जंगलातल्या बिया. कुणीतरी झाडावर चढून काढलेल्या, कवच फोडून विकलेल्या. एकीला मेवा म्हणायचं आणि दुसरीला किराणा, हे कसं ठरलं?

आधी चिलगोजा. हिमालयात आणि अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या डोंगरांत वाढणाऱ्या एका पाइनची ही बी. भारतात तो मुख्यतः हिमाचलातल्या किन्नौरला. नाव फारसी वळणाचं. ‘चेहेल’ म्हणजे चाळीस, एका बोंडात चाळीस बिया म्हणून चिलगोजा, अशी त्याची फोड सांगतात. बाबराने आपल्या आठवणींत काबूलजवळच्या निज्रौच्या लोकांबद्दल लिहिलंय की ते चिलगोज्याचं लाकूड जाळतात आणि ते मेणबत्तीसारखं पेटतं. शास्त्रीय नाव मात्र ‘पायनस जेरार्डियाना’, कंपनी सरकारच्या फौजेतल्या कॅप्टन जेरार्डवरून.

काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. बोंडं उमलायच्या आधीच काढावी लागतात, नाहीतर बिया खाली सांडतात किंवा पक्षी नेतात. माणसं झाडावर चढून आकड्याच्या लांब काठीने बोंडं पाडतात, ढीग घालून उमलू देतात आणि मग बिया झोडून काढतात. किन्नौरमध्ये लग्नात पाहुण्यांच्या गळ्यात चिलगोज्यांच्या माळा घालतात. हल्ली जवळजवळ प्रत्येक बोंड उतरवलं जातं, त्यामुळे जमिनीत रुजायला बी उरत नाही. जगभरच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत हे झाड ‘संकटाच्या जवळ’ या गटात आहे.

विकत घेताना एक लक्षात ठेवा. ऑनलाइन ‘पाइन नट्स’ म्हणून सोललेले, गुबगुबीत, थेंबासारखे दाणे मिळतात, ते बहुधा चीन किंवा रशियाच्या पूर्व टोकाकडच्या कोरियन पाइनचे. चिलगोजा लांब आणि बारीक, सालीसकट असतो. इटलीचे लोक पेस्तोत घालतात तो तिसराच, भूमध्य समुद्राकाठचा. चीनमधल्या एका जातीचे दाणे खाल्ल्यावर काही जणांच्या तोंडाला काही दिवस सगळंच कडू लागतं. त्याला ‘पाइन माउथ’ असं नावच पडलंय.

महाराष्ट्रात असा खाण्याजोग्या बियांचा पाइन नाही. त्याची जागा आपल्या स्वयंपाकात चारोळीने घेतली. झाडाचं पाइनशी काहीच नातं नाही. ते आंबा आणि काजूच्या कुळातलं. संस्कृतात त्याला प्रियाल म्हणतात. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त, तिसऱ्या सर्गात, प्रियालाच्या मोहोराचे कण डोळ्यांत जाऊन हरणं सैरभैर होतात. म्हणजे हे झाड आणि त्याचा मोहोर त्या कवीच्या चांगल्या ओळखीचे होते. पुढे शास्त्रीय नाव पडलं ‘बुकॅननिया’, फ्रान्सिस बुकॅनन या कंपनीच्या डॉक्टरवरून. गंमत बघा, एक झाड कंपनीच्या कॅप्टनचं, दुसरं कंपनीच्या डॉक्टरचं.

विदर्भात फळाला ‘चार’ म्हणतात. एप्रिल-मेमध्ये ती काळी पडली की पिकली. वरचा पातळ गर आंबटगोड, तो पोरं झाडाखालीच खातात. खरा माल आतल्या टणक बीमध्ये. फळं भिजवून चोळायची, बिया धुऊन वाळवायच्या, जात्यावर हलक्या हाताने भरडायच्या आणि सुपात पाखडायच्या. जातं जरा जास्त दाबलं की गर चुरा. एक किलो चारोळीला साधारण चार-पाच किलो बिया लागतात. उन्हाळ्याच्या ऐन तापात हे काम बहुतेक बायका करतात.

आणि या कामाचं मोल? बस्तर आणि त्याला लागून असलेल्या जंगलपट्ट्यात कित्येक वर्षं चारोळी द्यायची आणि तेवढ्याच वजनाचं मीठ घ्यायचं, असा व्यवहार चालायचा. पायलीला पायली. आज हे ऐकलं की ‘भोळे आदिवासी’ असं वाक्य लगेच तयार होतं. मला ते आळशी वाटतं. माणूस एवढ्या मेहनतीची वस्तू मिठासाठी देत असेल, तर आधी मीठ त्याच्यासाठी केवढ्याला होतं ते बघायला हवं.

समुद्रापासून शेकडो मैल आत मीठ पिकत नाही. त्यात ब्रिटिशांचा मीठकर. स्वस्त मीठ चोरून आत येऊ नये म्हणून त्यांनी सिंधूपासून ओडिशाकडच्या महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली, सुमारे २,३०० मैल लांब. बऱ्याच भागात ती रेषा म्हणजे जिवंत काटेरी कुंपण होतं: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. ती बुऱ्हाणपूरच्या बाजूने, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या अगदी उंबऱ्याशेजारून जायची. राखायला सुमारे १२,००० माणसं. हे कुंपण घट्ट करणाऱ्या अधिकाऱ्यांत ॲलन ह्यूम होता, तोच पुढे १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करणारा. १८७९ मध्ये कुंपण सोडून दिलं, कर मात्र १९४७ पर्यंत राहिला.

मीठ आत पोचवायचं काम लमाणांचं. कोकणातून घाट चढून बैलांच्या पाठीवर गोण्या यायच्या. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’वरून आला असं अनेक जण मानतात. आमच्या येडशीच्या बाजूला, धाराशिव जिल्ह्यात, त्यांचे तांडे आजही आहेत, पण बैलांचा व्यापार रेल्वेने संपवला. अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला आली आणि येडशीवरून पुढे सरकत १९११ मध्ये लातूरला पोचली. स्टेशनवर मालगाडीतून मीठ उतरायला लागल्यावर गोणीवाल्या बैलाला कोण विचारणार? पूर्व विदर्भाच्या आणि बस्तरच्या आतल्या जंगलात मात्र अशी गाडी गेली नाही. तिथे मीठ व्यापाऱ्याच्याच हातात राहिलं आणि चारोळीचा भावही.

दुसरा फास कायद्याचा. १८७८ च्या वन कायद्याने ब्रिटिश मुलखातली जंगलं राखीव आणि संरक्षित झाली. पिढ्यान् पिढ्या वेचलेली वस्तू ‘गौण वनोपज’ ठरली. गौण! ज्या घराचा उन्हाळा तिच्यावर निघतो, त्याला हा शब्द कसा ऐकू येत असेल. हा फास सैल व्हायला १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. गाजला तो तिथला बांबू, पण त्याच हक्कात चारोळीही येते.

केंद्राने २०१३-१४ पासून वनोपजाला हमीभाव सुरू केला. २०२० मध्ये चारोळीच्या बियांचा भाव किलोला १२६ रुपये ठरला. आता सरळ गुणाकार करू. पाच किलो बियांचे ६३० रुपये. त्यातून निघणारी एक किलो चारोळी शहरात हजाराच्या वर विकली जाते. मधला फरक बी फोडण्याचा, निवडण्याचा आणि वाहतुकीचा. म्हणजे गावात फोडणीचं छोटं यंत्र असेल तर त्यातला बराच पैसा गावातच राहू शकतो. बीच विकली तर तो बाहेर जातो.

जिथे जंगलावर कुणाचाच ठाम हक्क नसतो, तिथे घाई होते. मी नाही तोडलं तर दुसरा तोडेल, म्हणून फळं हिरवी असतानाच उतरतात, कधी फांदीच तोडली जाते. हिरव्या फळातला दाणा बारीक आणि सुरकुतलेला निघतो, भाव कमी येतो, म्हणून पुढच्या वर्षी आणखी जास्त तोडावं लागतं. किन्नौरची गोष्टही फार वेगळी नाही.

घेताना दाणे टपोरे आणि एकसारखे बघा. सुरकुतलेले असतील तर बहुधा हिरवं फळ तोडलेलं. तेलाचं प्रमाण जास्त असल्याने चारोळी लवकर खवट होते; चिमूटभर चावून बघा, घरी फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळा संपल्यावर नवा माल येतो. कुठून आला विचारलं तर दुकानदार बहुतेक वेळा नागपूर म्हणतो. ते व्यापाऱ्याचं गाव असतं.