फोटोतला मासा केवढा होता?

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण वाचा. शेवटी एक काम सांगणार आहे.

गेल्या आठवड्यात चुलतभावाकडे गेलो होतो. त्याची छोटी बोट आहे, हंगामात पर्यटकांना गरवायला घेऊन जातो. बंदीचे दिवस, बोट वर ओढलेली, त्यामुळे गप्पांना वेळ होता. त्याच्या पडवीत आजोबांचा एक जुना फोटो आहे. वल्ह्याला गोबरा टांगलाय, वल्ह्याचं एक टोक आजोबांच्या खांद्यावर, दुसरं खलाशाच्या, आणि माशाचं शेपूट वाळूला टेकलंय. भाऊ मला मोबाईलवर यंदाचे फोटो दाखवत होता. पुण्याचा एक पाहुणा, दोन तळव्यांवर गोबरा धरलेला. तळव्यांवर मावलेला, हे लक्षात घ्या. दोन्ही फोटोंतलं हसू मात्र अगदी सारखं.

मी तसं म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "त्येंका फोटो होयो आसता. मासो केवढो गावलो ता कोण इचारता?"

हे वाक्य डोक्यात राहिलं, कारण याच प्रश्नावर अमेरिकेतल्या एका गावाचा पन्नास वर्षांचा इतिहास उलगडलाय. की वेस्ट. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची माळ आहे, तिच्यातलं जवळजवळ शेवटचं बेट. क्युबा तिथून साधारण दीडशे किलोमीटर.

या बेटांवर हौशी मासेमारीचा धंदा आला तो आगगाडीमुळे. हेन्री फ्लॅगलर नावाच्या उद्योगपतीने समुद्रावर पूल बांधत बांधत रेल्वे नेली, ती १९१२ मध्ये की वेस्टला पोचली. वाटेत लाँग की इथे रेल्वेनेच मासेमारीचा कँप काढला होता. उत्तरेचे श्रीमंत लोक हिवाळ्यात तिथे यायचे. काउबॉयच्या कादंबऱ्या लिहिणारा झेन ग्रे तिथल्या क्लबाचा अध्यक्ष होता. मासा खाण्यासाठी नाही, झुंजीसाठी पकडायचा, ही कल्पना या लोकांनी रुजवली. आपल्या आजोबांना ती ऐकून हसू आलं असतं.

मग मंदी आली. १९३४ मध्ये की वेस्टची नगरपालिका दिवाळखोर झाली. गावातली बहुसंख्य माणसं सरकारी मदतीवर जगत होती. ज्युलियस स्टोन या सरकारी अधिकाऱ्याच्या हातात गाव गेलं आणि त्याने ठरवलं, आता हे पर्यटनाचं गाव करायचं. रस्ते झाडले, घरं रंगवली. पुढच्याच वर्षी चक्रीवादळाने रेल्वे मोडली, लाँग कीचा कँपही गेला. १९३८ मध्ये त्याच मार्गावरून मोटारीचा रस्ता सुरू झाला. आता फक्त धनिक नाही, मध्यमवर्गीय कुटुंबंही गाडी काढून येऊ लागली. सिगार, स्पंज, कासवं हे गावाचे जुने धंदे कधीचे उतरणीला लागले होते. ज्याच्याकडे बोट होती त्याने ती भाड्याने लावली. दुसरं काय करणार? आपल्याकडे तारकर्ली-देवबागला जे झालं ते काही वेगळं नाही.

हेमिंग्वे याच काळात की वेस्टला राहायचा. १९३७ च्या 'टू हॅव अँड हॅव नॉट' कादंबरीचा नायक हॅरी मॉर्गन हा भाड्याच्या बोटीचा कप्तान आहे. सुरुवातीलाच एक श्रीमंत गिऱ्हाईक त्याचा महागडा रॉड आणि रीळ समुद्रात घालवतं, वर अनेक दिवसांचं भाडं न देता विमानाने पळून जातं. मॉर्गनचं वाटोळं तिथून सुरू होतं. मासेमारीवर लिहिणारे हेमिंग्वेच्या मर्लिनबद्दल पानं भरून लिहितात, मला मात्र हे बुडवलेलं भाडंच जास्त खरं वाटतं.

दोन प्रकारच्या बोटी होत्या, अजून आहेत. एक चार्टर, म्हणजे अख्खी बोट एका गटाने घ्यायची. बहुतेकींवर जास्तीत जास्त सहा प्रवासी. दुसरी पार्टी बोट, माणशी तिकीट काढून चढायचं, कठड्याला ओळीने उभं राहून गळ सोडायचा. जायचं प्रवाळाच्या खडपांवर. तिथला मासा म्हणजे ग्रुपर, आपल्या गोबऱ्याच्या नि हेकरूच्या कुळातला, स्नॅपर, तांबोशीच्या कुळातला, आणि अँबरजॅक.

ज्यांनी गरवलंय त्यांना खडपातला मासा काय असतो ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सुरमई लागली की दूर पळते, दोर सोडायला तुमच्याकडे जागा असते. ग्रुपर तसा पळत नाही. आमिष घेतलं की तो वळतो आणि सरळ आपल्या बिळात शिरतो, तिथे कल्ले फुगवून बसतो. पहिल्या काही सेकंदांत त्याला तळापासून वर उचललात तर तुमचा, नाहीतर दोर खडकावर घासून तुटला म्हणून समजा. अँबरजॅक बिळात जात नाही, पण खाली असा ओढतो की हात भरून येतात. तिकडचे कप्तान त्याला 'रीफ डाँकी', म्हणजे खडपातलं गाढव म्हणतात. लोक पैसे मोजतात ते या ओढीसाठी.

आणि फोटोसाठी. बोट धक्क्याला लागली की दिवसाची मासळी फळीवर टांगायची, पुढे पाहुणे उभे करायचे, फोटो काढायचा. 'गल्फ स्ट्रीम' आणि 'ग्रेहाउंड' या दोन बोटींचे असे ढीगभर फोटो पुढे की वेस्टच्या सार्वजनिक वाचनालयात जमा झाले. कुणी इतिहास म्हणून काढले नव्हते. गिऱ्हाइकाला घरी न्यायला आठवण आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी जाहिरात, एवढाच हेतू.

लॉरेन मॅक्लेनाहन ही संशोधक विद्यार्थिनी वेगळ्याच कामासाठी जुने कागद शोधत असताना तिला हे फोटो दिसले. तिने फोटोंतल्या माशांची लांबी काढली, लांबीवरून वजनाचा अंदाज बांधला. १९५६ ते २००७ असा काळ. २००९ मध्ये निबंध छापून आला, त्यातले आकडे असे. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात टांगलेल्या माशाचं सरासरी वजन १९.९ किलो. २००७ मध्ये २.३ किलो. आधीच्या फोटोंत मोठमोठे ग्रुपर आणि सरासरी जवळपास दोन मीटरचे शार्क. २००७ च्या फोटोंत छोटे स्नॅपर, सरासरी लांबी ३४.४ सेंटिमीटर. म्हणजे दीड वीत. शार्कची लांबीही निम्म्याहून कमी झालेली.

तिच्या निबंधातले तीन फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, १९५७, ऐंशीच्या दशकाची सुरुवात आणि २००७. पहिल्यात मासे माणसांपेक्षा मोठे आहेत. तिसऱ्यात माणसं मोठी आहेत. हसू तिन्हींत तेच.

आणि मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट: महागाईचा हिशेब धरून तिने सफरीचं भाडंही तपासलं. माशाच्या आकारातली ही घट भाड्यात कुठेच दिसली नाही. गिऱ्हाईक तेवढेच पैसे देत होतं आणि आठ-नऊ पट लहान मासा घेऊन तेवढ्याच आनंदाने घरी जात होतं. आमचा भाऊ म्हणतो ते शब्दशः खरं ठरलं. मासा केवढा ते कुणी विचारलंच नाही.

कप्तानांनी लबाडी केली असं यात काही नाही. १९५७ चा कप्तान आणि २००७ चा कप्तान वेगवेगळी माणसं. प्रत्येकाने आपण धंद्यात उतरलो तेव्हाचा समुद्र हाच मूळ समुद्र धरला, घट मोजली ती तिथून. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एका पानाच्या टिपणात नेमकं हेच मांडलं होतं: पिढी बदलली की मोजायची सुरुवातीची रेघ सरकते. आपल्याकडे म्हातारी माणसं "आमच्या वेळी" म्हणून सुरू करतात तेव्हा आपण मान हलवून विषय बदलतो. ती रेघ अशीच सरकते, पडवीत बसल्या बसल्या.

त्यात यंत्रांची भर. पूर्वी खडप सापडायचं ते किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून, आपल्याकडे डोंगराची आणि देवळाच्या कळसाची जुळवायचे तसंच. मग खोली दाखवणारं यंत्र आलं, लोरान आलं, २००० नंतर सामान्य माणसाच्या जीपीएसमध्येही नेमकेपणा आला. जे खडप शोधायला बापाचं आयुष्य गेलं ते मुलाला बटण दाबून सापडू लागलं. मासा कमी होत होता, पण सापडण्याची सोय वाढत होती, म्हणून रिकाम्या हाताने परतायचे दिवस वाढले नाहीत. धोक्याची घंटा वाजायची ती इथे, आणि यंत्रांनी तिच्यावर हात ठेवला.

सगळा दोष हौशी गळाचा, असं मी म्हणणार नाही. फ्लोरिडात व्यापारी मासेमारी होती, माशांचे सापळे होते, भाल्याने मारणारे होते, प्रवाळ तर अजून मरतंय. पण ग्रुपरची एक अडचण आहे, ती गळवाल्यांना माहीत असायला हवी. बहुतेक ग्रुपर जन्मतात मादी म्हणून आणि मोठे झाल्यावर नर होतात. फळीवर टांगायला सगळ्यात मोठा मासा निवडून काढलात की खडपावरचे नर काढलेत. वर हे मासे विणीच्या वेळी ठरलेल्या जागी, ठरलेल्या चांदण्याला गोळा होतात. जागा कळली की एका हंगामात खडप साफ.

सरकार जागं झालं, पण उशिरा. सगळ्यात मोठा तो गोलायथ ग्रुपर, अडीच मीटरपर्यंत वाढणारा. त्याच्यावर १९९० मध्ये पूर्ण बंदी आली. ही बंदी तीस वर्षांवर टिकली. २०२३ पासून फ्लोरिडाने सोडत काढून मोजके परवाने देणं सुरू केलं, तेही लहान आकाराच्या माशासाठी. २००१ मध्ये की वेस्टच्या पश्चिमेला टोर्टुगासजवळ रायलीज हंप नावाचं खडप बंद केलं. मटन स्नॅपरची विणीची जागा होती, मारून मारून ओस पडलेली. काही वर्षांतच पाणबुड्यांना तिथे पुन्हा थवे जमलेले दिसले. म्हणजे सुधारतं. थांबलं की सुधारतं.

आता मोजणीचं. अमेरिकेच्या त्या आग्नेय किनाऱ्यावर पार्टी बोटींनी पकड लिहून द्यायची पद्धत १९७२ मध्ये कॅरोलायनाकडून सुरू झाली. म्हणजे 'गल्फ स्ट्रीम'च्या फळीवर ते राक्षसी मासे टांगले जात होते तेव्हा सरकारी वही नव्हतीच. त्या वर्षांचा पुरावा फक्त धक्क्यावरच्या त्या फोटोवाल्याकडे होता.

आणि लिहिण्याचा फायदा बोटवाल्यांनाच झाला, हेही सांगायला हवं, नाहीतर भाऊ म्हणेल हा पुन्हा कायद्याचं पुराण घेऊन बसला. मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपरच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं भांडण होतं. २०१५ पासून चार्टर बोटींचा वाटा खाजगी बोटींपासून वेगळा मोजायला लागले. चार्टर बोटी मोजक्या, परवान्याच्या, हिशेब लागणाऱ्या. खाजगी बोटी किती मारतात याचा ताळमेळ लागेना. २०१७ मध्ये केंद्राच्या हद्दीत चार्टरला ४९ दिवसांचा हंगाम मिळाला, खाजगी बोटींना आधी जाहीर झाले फक्त ३ दिवस. बोंब झाल्यावर ते वाढवले, ती गोष्ट वेगळी.

आपल्याकडे महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, जून-जुलैची बंदी आपण पाळतो. पर्ससीन आणि एलईडीवरून आपण मोर्चे काढले, मीही होतो. ते भांडण बरोबरच आहे. पण मोर्च्यात "पूर्वी मासा केवढा मिळायचा?" असं कुणी विचारलं तर आपण हात पसरून दाखवतो. हात पसरून दाखवलेला मासा कुठल्याच कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही.

भावाशी त्या संध्याकाळी बरीच हुज्जत झाली. त्याचं म्हणणं, आम्ही दिवसाला चार मासे मारणार, ट्रॉलर टनाने मारणार, आणि वही आम्हीच लिहायची? मुद्दा चुकीचा नाही. मी म्हटलं, ट्रॉलरवाला खडपावर येत नाही, जाळं फाटतं. खडपावर तूच जातोस, तर तिथलं तूच लिहिणार. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने काकीने आतून सांगितलं की फोटोतला तो गोबरा आणला तेव्हा घरात सुरी पुरली नव्हती, कोयता घ्यावा लागला होता, आणि वाडीतल्या सगळ्या घरांत वाटे गेले होते. साल तिला आठवेना. पण धाकट्या आतेच्या लग्नाच्या आदल्या पावसाआधीचं, एवढं ठाम. लग्नपत्रिका सापडली. १९६८.

मग आजोबांच्या हातातल्या वल्ह्यावरून माप काढलं, ते वल्हं अजून माळ्यावर आहे. शेपूट वाळूत दुमडलंय ते सोडून, गोबरा चार फुटांच्या वर भरला.

तर काम हे. तुमच्या घरी, मामाकडे, जुन्या पेटीत माशासोबतचे फोटो असतील. गोबरा, हेकरू, तांबोशी, शार्क, काहीही. मोबाईलने फोटोचा फोटो काढा आणि मला मेसेजमध्ये पाठवा. मागे तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर तीही बाजू काढा. तारीख नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुणाच्या लग्नाच्या आधी की नंतर, कुठल्या वादळाच्या वर्षी. फोटोत वल्हं, होडी, दरवाजा, काहीही मापाचं दिसत असेल आणि ते अजून घरात असेल, तर टेप लावून लांबी लिहून पाठवा. जागा सांगू नका, खडपाची खूण ज्याची त्याच्याकडेच राहू दे.

भाऊ १ ऑगस्टनंतर बोट पाण्यात लोटेल. त्याने शंभर पानी वही घेतलीय. पहिल्या पानावर रकाने आखलेत: तारीख, माणसं किती, मासा कुठला, लांबी, सोडला की ठेवला. "वजन नाय लिवणंय," म्हणाला, "काटो नाय माझ्याकडे." लांबी पुरे आहे.