विद्यापीठांतर, अमेरिकेतील

पदवीचा अभ्यासक्रम एका महाविद्यालयात सुरू करून तो पुरा होण्यापूर्वी दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेणे व आधीच्या अध्ययनास तेथे मान्यता मिळवून पदवी संपादन करणे, यास विद्यापीठांतर म्हणता येईल. मध्ययुगीन यूरोपात विद्यार्थी व अध्यापक एका विद्यापीठातून दुसऱ्यात सहज जात. १२०९ मध्ये ऑक्सफर्ड सोडून गेलेल्या विद्वानांमुळेच केंब्रिज विद्यापीठाचा उगम झाला. तथापि श्रेयांक, निश्चित नियम व स्पर्धात्मक निवड यांनी बांधलेली विद्यापीठांतराची पद्धत मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली.

या पद्धतीचे मूळ शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या विचारात सापडते. पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन वर्षे स्वतंत्र समजावीत व विद्यापीठाने वरच्या दोन वर्षांवर लक्ष केंद्रित करावे, असे त्यांचे मत होते. त्यांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट कनिष्ठ महाविद्यालय स्थापन झाले. (महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयांशी याचा संबंध नाही; येथे पदवीची पहिली दोन वर्षे शिकविली जातात.) १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी द्रव्यसाहाय्य मिळाल्यावर विद्यार्थिसंख्या एकदम वाढली आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांचा विस्तार सुचविला. पुढे त्यांना ‘सामुदायिक महाविद्यालये’ हे नाव रूढ झाले.

विद्यापीठांतराला धोरणाचे स्वरूप दिले ते कॅलिफोर्नियाने. क्लार्क केर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या १९६० च्या बृहद् योजनेनुसार शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचे १२·५ टक्के कॅलिफोर्निया विद्यापीठास, तर वरचे एक-तृतीयांश राज्य महाविद्यालयांस पात्र ठरले. सामुदायिक महाविद्यालये सर्वांना खुली राहिली. एवढ्यावर योजना थांबली असती, तर अठराव्या वर्षीच्या गुणांनी विद्यार्थ्याचे भवितव्य कायमचे ठरले असते. म्हणून विद्यापीठात खालच्या व वरच्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण ४० : ६० असावे, असे ठरले, वरच्या वर्गांतील या जादा जागा सामुदायिक महाविद्यालयांतून येणाऱ्यांसाठी होत्या. योजनेचे खरे मर्म या दुसऱ्या दारात आहे. पुढे काही विद्याशाखा-केंद्रांनी ठराविक गुण मिळविणाऱ्यांस प्रवेशाची हमीही दिली. बर्कली व लॉस अँजेल्स या सर्वांत चुरशीच्या केंद्रांत मात्र ती नाही. योजनेपूर्वीही हा मार्ग वापरात होता. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन हा पॅसाडीना कनिष्ठ महाविद्यालयातून १९३९ मध्ये लॉस अँजेल्सच्या विद्यापीठात गेला.

पूर्वेकडील जुन्या खाजगी विद्यापीठांचा इतिहास वेगळा आहे. १९६९ मध्ये येलने पदवी अभ्यासक्रम स्त्रियांना खुला केला, तेव्हा केवळ पहिल्या वर्षाचा नव्हे, तर अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थिनींना वरच्या वर्षांतही प्रवेश दिला. त्यामुळे पुढच्या दोन वर्षांतच तेथून पदवीधर स्त्रिया बाहेर पडू लागल्या. बराक ओबामा हे ऑक्सिडेंटल महाविद्यालयातून १९८१ मध्ये कोलंबियात आले व १९८३ मध्ये पदवीधर झाले. परंतु या विद्यापीठांत शिक्षण अर्धवट सोडणारे फार थोडे असल्याने जागा क्वचितच रिकाम्या होतात, शिवाय विद्यार्थी वसतिगृहात राहत असल्याने खाटांची संख्या हीच प्रवेशाची मर्यादा ठरते. हार्व्हर्डने २००८ मध्ये वसतिगृहांतील टंचाईमुळे असे प्रवेश दोन वर्षे स्थगित केले. त्या वेळी त्या वर्षीचे अर्ज दाखल होऊन गेले होते. प्रिन्स्टनने १९९० मध्ये बंद केलेले हे प्रवेश २०१८ मध्ये पुन्हा सुरू केले. माजी सैनिक, अल्प उत्पन्न गटातील व सामुदायिक महाविद्यालयांतील विद्यार्थी यावेत, हा त्यामागील हेतू होता. पहिल्या वर्षी १,४२९ अर्जांतून १३ जणांची निवड झाली.

प्रवेश मिळाला तरी आधीचे श्रेयांक मान्य होतीलच असे नाही. संयुक्त संस्थानांच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ आणखी एखादे वर्ष शुल्क भरणे असा होतो.

संस्था बदलणे नेहमी वरच्या दिशेनेच घडते असेही नाही. जयप्रकाश नारायण १९२२ मध्ये अमेरिकेस गेले आणि बर्कलीत शिकू लागले. शुल्कवाढीमुळे त्यांना ते सोडून आयोवाला जावे लागले. नंतर विस्कॉन्सिन व ओहायो येथे त्यांनी अध्ययन केले. भारतात विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र लागत आले आहे. मात्र ते विद्यार्थ्यास जाण्याची मोकळीक देते, त्याने पुरा केलेला अभ्यास दुसरीकडे मान्य करवीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीचे विनियम जारी केले.