उपवासकाळातील दान

उपवासकाळातील दान : ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात खाण्यापिण्याचा व चैनीचा त्याग करून वाचवलेले पैसे गरजूंना देण्याची कॅथलिक ख्रिस्ती प्रथा. हा काळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी सायंकाळच्या मिस्सापर्यंत (प्रभुभोजनाच्या उपासनेपर्यंत) चालतो. उपवासाचे रूढ ४० दिवस मात्र राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार वगळून मोजल्यास भरतात. प्रार्थना, उपवास आणि दान ही या काळाची तीन अंगे होत. त्यांपैकी दान उपवासातूनच उभे राहते : ते पोटाला चिमटा काढून दिलेले असते आणि त्यामुळे इतर वर्गण्यांहून वेगळे ठरते.

धार्मिक आधार : राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचे वाचन होते. दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नयेत, ही तेथील येशूची शिकवण. त्यानंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचा ५८ वा अध्याय वाचला जातो. भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे आणि बेघराला आसरा देणे हाच देवाला आवडणारा उपवास, असे त्यात सांगितले आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या निरोगी व्यक्तीने एकच पूर्ण जेवण घ्यावे, असा चर्चचा नियम आहे. उपवासकाळातील शुक्रवारी १४ वर्षांवरील व्यक्तींना मांस वर्ज्य असते.

इतिहास : या प्रथेचा हिशेब फार जुना आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मसच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथात उपवास करणाऱ्याला स्पष्ट सूचना आहे : त्या दिवशी न खाल्लेल्या अन्नाची किंमत काढावी आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. पाचव्या शतकात पोप लिओ पहिला (कार्यकाळ ४४०–४६१) याने उपवासकाळातील प्रवचनांत हाच विचार पुनःपुन्हा मांडला. मध्ययुगात याच्या उलट प्रकारही घडला. फ्रान्समधील रूआँ येथे उपवासकाळात तेव्हा वर्ज्य असलेले लोणी खाण्याची सवलत देऊन पैसे घेतले गेले. तेथील कॅथीड्रलचा ‘लोण्याचा मनोरा’ त्या पैशांतून उभा राहिल्याचे सांगतात. तेथे त्याग सुटला आणि पैसा तेवढा उरला. १९६६ मध्ये पोप सहावा पॉल याने प्रायश्चित्ताचे नियम नव्याने आखताना सेवाकार्याला त्यात महत्त्वाचे स्थान दिले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार राष्ट्रीय बिशप परिषद मांसत्यागाच्या व उपवासाच्या जागी काही प्रमाणात दानधर्माची कृत्ये नेमून देऊ शकते.

धर्मग्रामातील पद्धत : एका चर्चच्या कक्षेतील भाविकांचा समाज म्हणजे धर्मग्राम. उपवासकाळाच्या आरंभी अनेक धर्मग्रामांत घरोघरी कागदी डबी किंवा पाकीट दिले जाते. मुले गोड खाणे सोडतात. मोठी माणसे मांस, मद्य, सिगारेट किंवा सिनेमा सोडतात. वाचलेली रक्कम त्या-त्या वेळी डबीत पडते. काही ठिकाणी शुक्रवारी साधे सामुदायिक जेवण ठेवून नेहमीच्या जेवणाशी पडलेला फरक दान करतात. पवित्र गुरुवारच्या मिस्सामध्ये भाकर व द्राक्षरसासोबत गरिबांसाठीच्या भेटीही मिरवणुकीने वेदीकडे आणता येतात. शुभ शुक्रवारचे दान मात्र निराळे असते. १९७४ मध्ये सहाव्या पॉलने घालून दिलेल्या नियमांनुसार ते पवित्र भूमीतील ख्रिस्ती समाजासाठी जाते.

राष्ट्रीय मोहिमा : जर्मनीत कार्डिनल योझेफ फ्रिंग्स यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये ‘मिझेरिओर’ ही संस्था निघाली. मध्ययुगात उपवासकाळात वेदीसमोर चित्रित पडदा टांगत. ती रीत या संस्थेने १९७६ मध्ये पुन्हा सुरू केली आणि पहिला पडदा भारतीय चित्रकार ज्योती साही यांच्याकडून करून घेतला. ब्राझीलमधील ‘बंधुता मोहीम’ १९६४ पासून देशभर चालते. ती दरवर्षी घर, आरोग्य, पाणी यांसारखा एखादा सामाजिक प्रश्न चर्चेला घेते आणि झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) निधी गोळा करते. अमेरिकेत आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे १९७५ मध्ये ‘राइस बोल’ हा उपक्रम सुरू झाला. दोन वर्षांनी अमेरिकेतील बिशपांनी तो राष्ट्रीय केला. त्यातील ७५ टक्के रक्कम परदेशातील कामांना जाते, तर २५ टक्के ती जमा झालेल्या धर्मप्रांतातील (बिशपच्या अधिकारक्षेत्रातील) भूकनिवारणासाठी राहते. आयर्लंडमधील ‘ट्रोकरा’ (१९७३) या संस्थेची उपवासकाळातील दानाची डबीही घराघरांत पोहोचली आहे.

भारत व महाराष्ट्र : भारतीय बिशपांनी १९६२ मध्ये स्थापन केलेली कारितास इंडिया ही संस्था उपवासकाळात भूक व रोग यांच्याविरुद्ध मोहीम चालवते. महाराष्ट्रात मराठीभाषक कॅथलिकांची मोठी वस्ती वसई परिसरात आहे. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. तेथील अनेक घरांत या काळात मटण-मासळी बंद असते, लग्नसमारंभ टाळले जातात आणि शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचे स्मरण करणारी) भक्ती होते. बाजारातील आणि समारंभांतील हा वाचलेला खर्च गरजूंच्या दारी पोहोचला, तरच व्रत पुरे होते.

मूल्यमापन : शेवटच्या रविवारी खिशातली नोट काढून डबी भरली, तर निधी वाढतो, पण भुकेल्याच्या भुकेशी स्वतःची ओळख होत नाही. म्हणून अनेक धर्मगुरू रकमेच्या उद्दिष्टापेक्षा रोजच्या छोट्या त्यागावर भर देतात. आजारी माणसे, गर्भवती स्त्रिया आणि कष्टकरी यांच्यावर उपवासाची सक्ती नसते. ज्यांना रोजच अर्धपोटी राहावे लागते, त्यांच्याकडे तर या दानाचा रोख असतो. देणाऱ्याने नाव गुप्त ठेवावे, पण निधी वाटणाऱ्याने हिशेब उघड ठेवावा. जमा झालेली रक्कम आणि तिचा विनियोग धर्मग्रामासमोर मांडला गेला, तर पुढच्या वर्षी मुलांनाही आपला त्याग कोणाच्या ताटात पडला ते सांगता येते.