सातबारा चावडीत, नकाशा तालुक्यात : इंदापूरची मोजणी आणि गिटमधल्या मोठ्या फाइली

श्रोतेहो, गेल्या वेळी आपण गिट पाहिलं. फाइलीतला प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, हे त्यात कायम कसं राहतं ते पाहिलं. आज प्रश्न मोठ्या फाइलींचा. आमच्या मते हा प्रश्न मुळात दप्तराचा आहे, आणि जमिनीच्या दप्तराची गोष्ट सांगायची तर इंदापूरला जायला हवं.

पुणे जिल्ह्यातली कंपनी सरकारची पहिली मोठी मोजणी प्रिंगल या अधिकाऱ्याने केली. १८२८ च्या सुमाराचं हे काम. प्रत्येक शेताचं उत्पन्न काढायचं, खर्च वजा करायचा आणि निव्वळ उरेल त्याचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशोब. सिद्धांत म्हणून देखणा. पण १८३० मध्ये इंदापुरात हे दर लागू झाले, आणि थोड्याच वर्षांत शेतं पडीक पडू लागली, लोक गाव सोडू लागले. तपासणी केली तेव्हा मोजणीत चुकाही सापडल्या आणि लबाड्याही. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर पुन्हा हातात घेतलं. शेताला एक क्रमांक, हद्दीला ठळक खुणा, ३३ फुटांची साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. आकार ३० वर्षं बदलायचा नाही. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात पक्की केली. आपण आजही ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो, त्याचा जन्म हा असा इंदापूरच्या पडीक रानात झाला.

आता या क्रमांकाने काय साधलं, ते बघा. गावाची वही हलकी झाली. सातबाऱ्यावर शेताची आकृती नसते. तिथे नुसता क्रमांक असतो, क्षेत्र असतं, नाव असतं. आकृती असते टिपणात, फाळणी नकाशात, गाव नकाशात, आणि हे जड कागद तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात असतात. नाव बदललं तर तलाठ्याकडे गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. जुनी नोंद पुसली जात नाही, २०२० पर्यंत तिला कंस होत असे, आणि ती वाचता येते. फेरफाराची वही म्हणजे गिटचा लॉगच की! पण प्रत्येक फेरफाराबरोबर कोणी गावाचा अख्खा नकाशा पुन्हा चिकटवत नाही.

गिटमध्ये मात्र नेमकं तेच होत असे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्सच्या मजकुरासाठी. मजकुरात ओळ बदलली तर फरक थोडा साठतो. ड्रोनने काढलेल्या नकाशाचं तसं नाही. कोपऱ्यातला एक बांध दुरुस्त केला तरी बहुधा जवळजवळ सबंध फाइल नव्याने साठते. नंतर ती काढून टाकली तरी इतिहासात राहतेच, आणि जो जो भांडाराची प्रत घेईल त्याच्या गळ्यात पडते. गिटहबसारखं ठिकाण तर १०० एमबीच्या वरची फाइल दारातच अडवतं.

यावर २०१५ मध्ये गिट एलएफएस आलं. लार्ज फाइल स्टोरेज. काळ्या खिडकीत क्रम असा: आधी 'गिट एलएफएस इन्स्टॉल'. मग 'गिट एलएफएस ट्रॅक', आणि पुढे अवतरणात '*.टिफ', म्हणजे या जातीच्या फाइली जड समजाव्यात. ही सूचना डॉट-गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाच्या फाइलीत उतरते, म्हणून आधी ती 'गिट अ‍ॅड' करायची, मग नकाशा. पुढे नेहमीसारखं कमिट आणि पुश. ट्रॅक आधी, अ‍ॅड नंतर, बरं का. उलट झालं आणि कमिट होऊन गेलं, तर 'मायग्रेट' चालवून इतिहासच नव्याने लिहावा लागतो आणि त्यापुढच्या कमिटांचे क्रमांक बदलतात. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा जुनी खरेदीखतं जुळवताना काय होतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आता भांडारात उरतं काय? तीन ओळींची चिठ्ठी. पहिल्या ओळीत आवृत्ती, दुसरीत ६४ चिन्हांची खूण, तिसरीत आकारमान. ज्याच्या संगणकावर एलएफएस नाही त्याला नकाशाच्या जागी ही चिठ्ठीच दिसते.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्ही त्या दुसऱ्या ओळीशी जरा रेंगाळतो. सर्व्हे नंबर ४२ हे बाहेरून दिलेलं नाव. ४२ च्या जागी कोणी वेगळंच टिपण ठेवलं तर क्रमांक तक्रार करत नाही. एलएफएसची खूण वस्तूतूनच गणिताने निघते. नकाशातला एक ठिपका हलला तरी खूण जुळत नाही. नाव आणि वस्तू यांचं नातं इतकं घट्ट नैयायिकांनाही आवडलं असतं. पण ही खूण सांगते ती इतकंच की, ठेवलेलं होतं तेच हे आहे. नकाशा रानाशी जुळतो का, हे ती सांगत नाही. प्रिंगलच्या चुकीच्या मोजणीचीही खूण बिनचूकच निघाली असती. त्यासाठी बांधावर साखळी घेऊन जाणारा माणूस लागतो, तेव्हाही आणि आताही.

दुसरी गोष्ट बारामती तालुक्यातल्या सुप्याची. १२ मे १८७५ रोजी तिथे दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं लुटली, आणि त्यांचा रोख होता कर्जखतांवर आणि वह्यांवर. त्या मिळतील तिथे जाळल्या. अडाणीपणा नव्हता तो. खत सावकाराच्या पेटीत एकच, ते गेलं की पुरावा गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुढे असे दस्त ग्राम-नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची सक्ती आणली.

गिटची मूळ ताकद अशी की प्रत्येकाच्या घरी सगळा इतिहास असतो, एक पेटी जळली तर बिघडत नाही. एलएफएस वापरलं की जड फाइलींपुरती आपण ती ताकद सोडून देतो. साधं क्लोन केलं तर आजच्या आवृत्तीचे नकाशे येतात. जुने सर्व्हरवरच राहतात. सर्व्हर गेला तर हाती चिठ्ठ्या. १९५० च्या हद्दीवरून भांडणारे भाऊबंद इथे बसले असतील, त्यांना जुना नकाशा किती लागतो ते विचारा.

म्हणून गावठाणाचे नकाशे कोणी असे ठेवणार असेल, आणि २०२० च्या स्वामित्व योजनेनंतर ड्रोनचे नकाशे गावोगाव झाले आहेत, तर 'गिट एलएफएस फेच', पुढे दोन आडव्या रेघा आणि 'ऑल', ही आज्ञा अधूनमधून दुसऱ्या यंत्रावर चालवावी. सगळ्या आवृत्त्यांचे जड कागद तिथे उतरतात. वेळ लागतो, डिस्क भरते. ते यंत्र दुसऱ्या गावी असलेलं बरं.