एक तालुका, एक झेंडा, ११ वेळा आमदार : भाई गणपतराव देशमुख

सांगोला : आमदारकी मिळाली की पक्ष बदलायचा, हे आता गावोगावी सवयीचं झालंय. पण सांगोल्यात एक माणूस शेतकरी कामगार पक्षाच्या एकाच लाल झेंड्याखाली ११ वेळा निवडून आला. ते म्हणजे भाई गणपतराव देशमुख. तालुका त्यांना 'आबासाहेब' म्हणूनच ओळखतो.

जन्म आणि सुरुवात : १० ऑगस्ट १९२६ रोजी मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे जन्म. कायद्याचं शिक्षण घेऊन त्यांनी सांगोल्यात वकिली केली. १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले.

निवडणुका : १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ ला विजय. १९७२ आणि १९९५ ला पराभव. १९९५ ला शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते अवघ्या १९२ मतांनी पडले. एकेका वाडीची मतं किती मोलाची असतात, ते त्या वेळी तालुक्याला कळलं. चार वर्षांनी आबासाहेब पुन्हा निवडून आले. पन्नास वर्षांच्या आसपास आमदारकी, पण मंत्रिपद दोनदाच : १९७८ ला शरद पवार आणि १९९९ ला विलासराव देशमुख यांच्या सरकारात. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावरच गेला.

पाण्याचा लढा : सांगोला कायमचा दुष्काळी. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत त्यांनी १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. दरवर्षी आटपाडीला परिषद भरायची आणि कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागाला द्या, ही मागणी लावून धरली जायची. टेंभू, म्हैसाळ योजनांचं पाणी तालुक्यात आलं, त्यामागे हा रेटा आहे. तालुक्यातल्या सहकारी सूतगिरणीमागेही तेच होते. पोरांना गावाजवळ काम मिळावं, हा हेतू.

अखेर : वयामुळे २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबासाहेबांचं निधन झालं. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शेकापकडूनच जागा परत जिंकली.

झेंडा तोच राहिला. आता शेवटच्या गावापर्यंत पाणी नियमित पोचतं का, यावर नव्या आमदारांची परीक्षा होणार.