मंजूर भार

विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. मंडळी, खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी तो कधी वाचलाय? आपण युनिट बघतो, रक्कम बघतो, शेवटची तारीख बघतो आणि कपाळाला आठ्या घालतो. माझंही तेच. पण आमचं पनवेलचं जुनं घर पाडून पुतण्या नवीन बांधतोय आणि वीजजोडणीच्या अर्जात किती किलोवॉट लिहायचे यावरून घरात चक्क दोन पक्ष पडले. धाकट्या भावाचं म्हणणं, “इतकी वर्षं सिंगल फेजवर निभावलं, आता काय धाड भरलीय?” पुतण्या म्हणतो पंचवीस किलोवॉट. निवाडा करायला आत्याबाई, म्हणजे मी! जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून मी आधी या रकान्याचाच इतिहास काढला.

साठच्या दशकातलं आमचं घर आठवतं. चार दिवे, त्यातला न्हाणीघरातला पंचवीसचा. लाकडी पट्ट्यांवरून गेलेली वायर, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी ओटीवर एक पंखा. सगळं एकदम लावलं तरी तीनशे वॉटच्या आत! वायरमन लोकांचे ठोकताळेही त्याच काळाला साजेसे. दिवा ६० वॉटचा धरायचा, पंखाही ६०, पाच अँपिअरच्या प्लगला १००, पंधरा अँपिअरच्या पॉवर प्लगला १०००. एका लाइट सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट किंवा ८०० वॉट. हा हिशोब वायरिंगच्या पुस्तकांत अजून आहे.

पण घराचा भार मोजून त्यावर पैसे घ्यायचे, ही कल्पना आली कुठून? ती इंग्लंडातली. १८९२ मध्ये जॉन हॉपकिन्सन या इंजिनिअरने एका भाषणात मांडलं, की वीज कंपनीचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक कोळशाचा, जो वापराप्रमाणे वाढतो. दुसरा यंत्रं, तारा आणि माणसं सज्ज ठेवण्याचा, जो तुम्ही बटण दाबा अथवा न दाबा, होतच राहतो. खानावळवाल्याला विचारा. दहा पानं मांडून ठेवली आणि चारच जण जेवले, तरी भात दहांचाच शिजलेला असतो. ब्रायटनच्या आर्थर राइटने मग ग्राहकाची कमाल मागणी टिपणारं उपकरण केलं. करंटने हवा तापायची आणि नळीतला द्रव ढकलला जाऊन पलीकडे सांडायचा. जितका सांडला तितकी तुमची मागणी. (आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत हे असतं तर विज्ञानाच्या बाईंना किती आवडलं असतं!)

एडिसनचा एकेकाळचा सेक्रेटरी सॅम्युअल इन्सल १८९४ च्या सुमारास ब्रायटनला गेला आणि ही युक्ती शिकागोला घेऊन आला. त्याच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. सगळे ग्राहक एकाच वेळी कमाल वीज घेत नाहीत. ट्राम सकाळ-संध्याकाळ, कारखाने दिवसा, घरं दिवेलागणीला. म्हणून सगळ्यांच्या मागण्यांच्या बेरजेपेक्षा खूप लहान यंत्रावर भागतं. माझ्या मते विजेच्या धंद्यातला हा सगळ्यात हुशार विचार.

आपल्याकडेही हेच झालं. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूचं तळ्यांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून केलेली वीज गेली ती मुंबईच्या गिरण्यांना. गिरणी दिवसभर चालते, असा गिऱ्हाईक कोण सोडेल? मग १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. भिऱ्यासाठी मुळशीचं धरण झालं, त्यात मावळातली शेतं गेली. १९२१ ते १९२४ चा सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्यासाठीचा. तो शिकवताना मी मुलांना आवर्जून सांगायची, की बटणाच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी खाचरं आहेत. खोपोली पनवेलहून चाळीसेक किलोमीटर, पण खेड्यापाड्यांत वीज पोचायला पुढची अनेक वर्षं जावी लागली. २० जून १९६० ला वीज मंडळ झालं, नंतर तारा सरकत गेल्या. २००५ साली मंडळाचे तुकडे होऊन आपल्या वाट्याला महावितरण आली, आणि त्याच सुमाराचं भारनियमन तर कुणीच विसरलेलं नाही. असो.

तर आता पुतण्याची यादी. दीड टनाचे चार एसी, प्रत्येकी सुमारे १७०० वॉट, म्हणजे ६.८ किलोवॉट. दोन गिझर ४, इंडक्शन शेगडी २, मायक्रोवेव्ह १.२, गरम पाण्याचं वॉशिंग मशीन २, एक हॉर्सपॉवरचा पंप पाऊण, फ्रिज पाव, दिवे-पंखे-टीव्ही मिळून १. आणि विजेच्या गाडीचा चार्जर ७.४. बेरीज २५.४. म्हणजे पोराने बेरीज बरोबर केली होती, पण ती नुसतीच बेरीज!

मी त्याला म्हटलं, “अरे, तू एसी लावून, गाडी चार्जिंगला टाकून, दोन्ही न्हाणीघरांत एकदम आंघोळ करत स्वयंपाक करणार आहेस का?” “आत्या, तू पण ना!” म्हणाला, पण कागद घेऊन बसला. सर्वात जड वेळ म्हणजे मे महिन्यातली रात्र. चार एसी ६.८, दिवे-पंखे-टीव्ही आणि फ्रिज सव्वा. गाडीला ७.४ ऐवजी ३.३ चा चार्जर लावला तर रात्रीच्या आठ तासांत सुमारे २६ युनिट जातात. युनिटला सहा किलोमीटर धरले तरी दीडशेच्या वर. मुंबईला जाऊन यायला पुष्कळ. म्हणजे एकूण ११.३५. सकाळ-संध्याकाळ मांडून बघितली, तिथे एसी आणि गाडी एकत्र नसल्याने आकडा याच्या आतच राहिला.

भावाचा मुद्दाही इथेच निकालात निघाला. साडेअकरा किलोवॉट २३० व्होल्टवर म्हणजे ५० अँपिअर. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या नियमांत सिंगल फेजला ४० ची मर्यादा होती. तेव्हा थ्री फेज हवंच, आणि थोडी सवड ठेवून १५ किलोवॉट. तिन्ही फेजवर सारखं वाटलं तर प्रत्येकी २२ अँपिअरच्या आसपास. स्थिर आकार थोडा जास्त पडेल, पडू दे.

खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या गल्लीत जुनी घरं एकेक करून वर चढतायत. बऱ्याच जणांच्या बिलावर मंजूर भार दोन किलोवॉट आणि भिंतीवर तीन तीन एसी. मग गल्लीचा डीपी कोणत्या आकड्यावर बसवायचा? इन्सलचा हिशोब ‘सगळे एकदम घेत नाहीत’ यावर उभा होता. मे महिन्यात रात्री साडेदहाला सगळी गल्ली एकदमच घेते! त्यात गाड्याही आल्या तर चार्जिंग मध्यरात्रीनंतर सुरू होईल असं टायमरवर लावणं बरं. पुतण्याने ते कबूल केलंय.

वायरमनला दोन गोष्टी बजावल्यात. गाडी आणि एक एसी एका फेजवर, दोन एसी दुसऱ्या, उरलेला एसी आणि दिवे-फ्रिज तिसऱ्या. गिझर वेगवेगळ्या फेजवर. आणि न्यूट्रल पक्का. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर कमी भार असलेल्या फेजवरच्या उपकरणांना ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो आणि टीव्ही-फ्रिज जळतात. अर्ज गेल्या सोमवारी भरला. रकान्यात १५ लिहिलेत. भाऊ अजून म्हणतोय, दहात झालं असतं.