नकाराचा दाखला

इंग्लंडमध्ये देवीची लस सक्तीची झाली ती 1853 साली. जन्मल्यापासून तीन महिन्यांत मूल टोचून घ्यायचे, नाहीतर आईबापांना दंड. अंमलबजावणी ढिली होती, म्हणून ओरडही बेताची होती. 1867 च्या कायद्याने मात्र मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत पुन्हा पुन्हा दंड करायची सोय केली, आणि 1871 पासून त्यासाठी लसीकरण अधिकारी नेमणे भाग पडले. दंड जास्तीत जास्त वीस शिलिंग. पैसेवाला तो भरून मोकळा होई. मजुराच्या घरातले सामान जप्त होई, कधी त्याला तुरुंगही घडे.

विरोधकांची सगळीच भीती खुळी नव्हती. एका मुलाच्या हातावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचत, आणि त्यातून क्वचित उपदंशासारखा रोगही जाई. लशीने देवी आटोक्यात येते, हेही तितकेच खरे होते. मार्च 1885 मध्ये लेस्टर शहरात हजारोंचा मोर्चा निघाला. त्यात मुलाची शवपेटी होती आणि देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरचा पुतळाही.

1889 मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने सात वर्षे घालवून वारंवार दंड करणे थांबवा, असे सुचवले. 1898 मध्ये नवा कायदा आला. हातावरून हातावर टोचणे बंद करून त्याने वासरापासून काढलेली लस आणली. शिवाय मूल चार महिन्यांचे होण्याआधी पालकाने दोन न्यायाधीशांपुढे जाऊन, लशीने बाळाला अपाय होईल असे आपल्याला मनापासून वाटते, अशी त्यांची खात्री पटवली, की त्याला सुटीचा दाखला मिळे. त्याच वर्षी असे दोन लाखांवर दाखले दिले गेले.

मेख होती ती ‘खात्री’ या शब्दात. कुणाचे मन खरे आणि कुणाचा हट्ट, हे ठरवायचे न्यायाधीशाने. काहींची खात्री काही केल्या पटत नसे. दाखल्यासाठी मजुराची रोजी बुडे ती वेगळीच. अखेर 1907 मध्ये न्यायाधीशाची पसंती काढून टाकून पालकाचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले गेले. हा हक्क स्वतःच्या देहावरचा नव्हता, पोटच्या पोरावरचा होता, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

1916 मध्ये सक्तीची सैन्यभरती आली तेव्हा सदसद्विवेकबुद्धीला न पटणाऱ्यांना सूट देण्याची तरतूद त्याही कायद्यात झाली, आणि मनाची पारख करण्याचा जुना घोळ लवादांपुढे नव्याने सुरू झाला. लशीची सक्ती 1946 च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याने रद्द केली. 1948 मध्ये तो लागू झाला.